गळ्याकडून शिकलेली गिटार

विसावं शतक संपत असताना रॉकमधल्या जुन्या, मुरलेल्या गिटारवादकांपुढे एक राजमार्ग तयार झाला होता. कार्लोस सांतानाने 1999 साली ‘सुपरनॅचरल’ हा अल्बम काढला. निम्म्याहून अधिक गाण्यांना गाजत असलेला पाहुणा गायक आणि मागे सांतानाची गिटार, अशी त्याची रचना होती. पुढच्या वर्षी सांतानाने एका रात्रीत 8 ग्रॅमी पुरस्कार घेऊन मायकेल जॅक्सनच्या विक्रमाची बरोबरी केली. त्याच वर्षी ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीने स्वतःच्या आडनावाचा अल्बम काढला, आणि त्यातही दर गाण्याला वेगळा गायक होता. पन्नाशी ओलांडलेल्या वादकाला टिकायचं असेल तर त्याने गळे उसने आणावेत, असा जणू शिरस्ताच पडला. नेमक्या याच सुमाराला 56 वर्षांचा जेफ बेक लंडनमध्ये उलट्या दिशेने निघाला होता. 2001 साली आलेला त्याचा ‘यू हॅड इट कमिंग’ जेमतेम पस्तीस-छत्तीस मिनिटांचा आहे. आवाज कर्कश, ताल बहुतेक यंत्राचा, गिटार अंगावर येणारी, आणि शब्द जवळजवळ नाहीत. सरळ अर्थाने गायलेलं गाणं त्यात एकच, तेही एक जुनं ब्लूज. बाकी सगळा कारभार सहा तारांवर.

अशा अल्बमांकडे पाहण्याची एक ठरलेली नजर आहे. गिटारवादकाला कौशल्य मिरवायचं असतं, गायक त्यात आडवा येतो, म्हणून तो गायकाला बाजूला सारतो, असं मानलं जातं. त्यामुळे शब्दांविना रॉकचा इतिहास म्हणजे वेगाचा इतिहास, कोणी सेकंदाला किती स्वर वाजवले याचा हिशेब, असंच लिहिलं गेलं. मला हे मुळातच चुकीचं वाटतं. या परंपरेतलं जे टिकलं, ते गायकाला हाकलून नव्हे, तर गायकाचं काम अंगावर घेऊन टिकलं. आणि ‘हेवी’ म्हणून जो फाटका, जाड आवाज ओळखला जातो, तो या कामाच्या आड येणारा नव्हता. त्याच्याशिवाय हे काम झालंच नसतं. बेकची पस्तीस वर्षांची वाटचाल आणि तिच्यातला हा 2001चा अल्बम, हा माझ्या म्हणण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे.

सुरुवात बेकच्याही आधीची. 1958 साली अमेरिकेत लिंक रे या वादकाची ‘रंबल’ ही धून आली. क्षयाने रेचं एक फुप्फुस गेलेलं होतं आणि तुला गाणं जमायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. त्याने ॲम्प्लिफायरच्या स्पीकरच्या कागदाला पेन्सिलीने भोकं पाडली, म्हणजे आवाज फाटेल, गुरगुरेल. धून साधी आहे, सावकाश चालणारे मोजके कॉर्ड. पण ‘रंबल’ म्हणजे टोळक्यांची मारामारी, आणि ही धून ऐकून पोरं हाणामारीवर उतरतील या भीतीने अमेरिकेतल्या काही शहरांत ती रेडिओवर वाजवायला बंदी झाली. जिच्यात एकही शब्द नाही अशा धुनेवर बंदी! शब्द नाहीत म्हणून अर्थ नाही, असं म्हणणाऱ्यांना याहून चोख उत्तर देता येणार नाही. दोन वर्षांनी इंग्लंडमध्ये ‘द शॅडोज’ची ‘अपाची’ पहिल्या क्रमांकावर पाच आठवडे राहिली. शॅडोज ही क्लिफ रिचर्ड या गायकाची साथ करणारी मंडळी, आणि ‘अपाची’ने पहिल्या क्रमांकावरून जे गाणं खाली ओढलं ते क्लिफ रिचर्डचंच होतं. शॅडोजच्या हँक मार्विनच्या लाल स्ट्रॅटोकास्टर गिटारचा तो थरथरता, लांबवलेला स्वर इंग्लंडमधल्या एका अख्ख्या पिढीच्या कानात बसला. साथीदार गायकाच्या जागी उभा राहू शकतो, हे त्या पिढीने बाजाराच्या आकड्यांतच पाहिलं. मग बीटल्स आले, गाणाऱ्या चमूंचा काळ सुरू झाला आणि वादक पुन्हा मागच्या रांगेत गेला.

बेकचं नाव पहिल्यांदा सगळीकडे झालं ते यार्डबर्ड्स या बँडमध्ये, 1965 साली, आणि त्या गोष्टीत भारत आहे. ‘हार्ट फुल ऑफ सोल’ या गाण्याच्या आरंभीच्या सुरावटीसाठी स्टुडिओत सतारवादक बोलावला होता. सतारीसह ध्वनिमुद्रण झालंही, पण ड्रम आणि बासच्या कल्लोळात ती सुरावट पातळ पडली. बेकने तीच सुरावट फझ बॉक्स लावून गिटारवर घेतली आणि ते गाणं इंग्लंडमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. ही गोष्ट नेहमी ‘रॉकमध्ये पूर्वेचा रंग कसा आला’ या मथळ्याखाली सांगतात. मला तिच्यातली तांत्रिक बाजू जास्त मोलाची वाटते. साधी इलेक्ट्रिक गिटार छेडली की स्वर टणकन उठतो आणि लगेच ओसरू लागतो. फझ किंवा ताणलेला ॲम्प्लिफायर त्या उठावाचं टोक कापतो आणि ओसरणारा भाग वर उचलून धरतो, त्यामुळे स्वर एका पातळीवर टिकतो. स्पीकरसमोर उभं राहिलं तर आवाजाच्या धक्क्याने तार पुन्हा कंप पावते आणि स्वर हवा तितका वेळ चालू ठेवता येतो. म्हणजे ज्याला लोक गोंगाट म्हणाले, त्याने गिटारला दम दिला. श्वासाएवढा लांब स्वर हाताशी आल्यावरच तो वळवता येतो, हलवता येतो, त्याला आकार देता येतो. हेवी रॉकचा आवाज आणि गाणारी गिटार या एकाच यंत्रातून निघालेल्या दोन गोष्टी आहेत.

बेकला गळ्याची बाजू सोपी नव्हती. 1967 साली निर्माता मिकी मोस्ट याने त्याच्याकडून ‘हाय हो सिल्व्हर लायनिंग’ हे गाणं गाऊन घेतलं. ते चाललं, इंग्लंडमध्ये आजही समारंभांत लोक ते एकसुरात म्हणतात, पण बेकला ते आयुष्यभर डाचलं. त्याच तबकडीच्या मागच्या बाजूला ‘बेक्स बोलेरो’ होती. आधीच्या वर्षीच्या मे महिन्यात ध्वनिमुद्रित झालेली, शब्दांविना, जिमी पेज, जॉन पॉल जोन्स, किथ मून आणि निकी हॉपकिन्स यांच्यासह वाजवलेली. पुढे जे हेवी रॉक म्हणून ओळखलं गेलं त्याचं बीज त्या तीन मिनिटांत आहे, असं अनेक जण मानतात. एका बाजूला वादकाने जबरदस्तीने गायलेलं गाणं आणि दुसऱ्या बाजूला त्याने गिटारकडून गाऊन घेतलेलं, अशी ही एकच तबकडी. त्यानंतर बेकने रॉड स्टुअर्टसारखा गायक घेऊन ‘ट्रूथ’ हा अल्बम केला, नंतर आणखी दोन चमू बांधून मोडले. 1975च्या ‘ब्लो बाय ब्लो’मध्ये त्याने शेवटी गायक ठेवलाच नाही.

‘ब्लो बाय ब्लो’ची निर्मिती बीटल्सच्या जॉर्ज मार्टिनने केली आणि शब्दांविना असलेला हा अल्बम अमेरिकेच्या यादीत चौथ्या क्रमांकावर गेला. हे संगीत फक्त गिटार शिकणाऱ्या पोरांसाठी असतं, हा आक्षेप तिथेच ढासळतो. एवढ्या प्रती नुसते विद्यार्थी घेत नाहीत. पण त्यातल्या दोन चिजा शेजारी ठेवून ऐकाव्यात. एक बीटल्सची ‘शीज अ वुमन’. तिच्यात बेक एक नळी तोंडात धरतो, गिटारचा आवाज त्या नळीतून तोंडात येतो आणि ओठांच्या हालचालीने गिटार बोलल्यासारखी वाटते. दुसरी ‘कॉज वी हॅव एंडेड ॲज लव्हर्स’, स्टीव्ही वंडरने रचलेली आणि आदल्याच वर्षी सिरीटा राइटने गायलेली. इथे नळी नाही, काही नाही. बोटाने व्हॉल्यूमचं बटण बंद ठेवून तार छेडायची आणि मग हळूच बटण उघडायचं, म्हणजे छेडल्याचा खट्ट आवाज नाहीसा होऊन स्वर शून्यातून उगवतो. हे त्याने रॉय ब्यूकॅनन या वादकाकडून उचललं आणि चीज त्यालाच अर्पण केली. नळीने गिटारला उच्चार मिळाला, पण तो खेळ एकदा ऐकला की संपतो. सिरीटाच्या गाण्यातून त्याला मिळालं ते वाक्याचं वळण, कुठे थांबायचं, कुठला स्वर उशिरा सोडायचा, कुठे आवाज दबका ठेवायचा. बेकने पुढे हाच रस्ता धरला. नळी त्याने लवकरच सोडली.

यानंतरच्या काळातच या परंपरेला वेगाचा शिक्का बसला, आणि तो विनाकारण बसला नाही. 1978 साली एडी व्हॅन हेलनच्या ‘इरप्शन’ने पावणेदोन मिनिटांत हाताची एक नवी भाषाच दाखवली. 1980 साली माइक व्हार्नीने कॅलिफोर्नियात ‘श्रॅपनेल’ ही कंपनी काढली आणि तिच्याकडून दर वर्षी विलक्षण वेगवान हातांची मुलं बाहेर पडू लागली. 1984 साली स्वीडनच्या इंग्वे मालमस्टीनने ‘रायझिंग फोर्स’मध्ये पॅगानिनी आणि बाख यांची व्हायोलिनी धाव गिटारवर आणली. इंग्वेची तयारी अस्सल आहे, यात वाद नाही. पण त्याच्या मागून जे शेकडो आले त्यांच्यात मला एकच उणीव दिसते. ते व्हायोलिनकडून, एकमेकांकडून, मेट्रोनोमकडून शिकले. गळ्याकडून शिकायचं राहून गेलं. त्याच काळात जो सट्रियानी यशस्वी झाला तो का, हे विचारून पाहावं. 1987चा ‘सर्फिंग विथ द एलियन’ अमेरिकेत दहा लाखांवर खपला. त्यात वेग आहेच, पण लोकांच्या ओठांवर राहिल्या त्या गुणगुणता येणाऱ्या चाली. 1990 नंतर सिॲटलच्या बँडांनी हवा बदलली तेव्हा वेगाचा बाजार एका रात्रीत बसला. चाली असलेले वादक तगले.

बेक या स्पर्धेत उतरलाच नाही. 1980च्या दशकात त्याने तार छेडायचं पिक टाकून दिलं आणि तो अंगठ्याने व बोटांनी वाजवू लागला. वेगाच्या दृष्टीने हा तोट्याचाच सौदा. पण पिकचा खट्ट गेला, अंगठ्याच्या मांसाचा मऊ स्पर्श आला, आणि करंगळी व्हॉल्यूमच्या बटणावर, तळहात ब्रिजच्या बारवर मोकळे राहिले. ‘गिटार शॉप’ या 1989च्या अल्बममध्ये टेरी बोझिओचे ड्रम आणि टोनी हायमसचा कीबोर्ड आहे, बास वाजवणारा नाही. त्यातली ‘व्हेअर वेअर यू’ ही चीज बल्गेरियातल्या स्त्रियांच्या समूहगानाच्या प्रभावातून आली, असं बेकने सांगितलेलं आहे. त्या बायका स्वर सपाट ठेवून अचानक उचलतात. तो परिणाम साधण्यासाठी बेक तारेवर बोट नुसतं टेकवून हार्मोनिक काढतो आणि प्रत्येक स्वराची जागा बारने शोधतो. पडद्यांचा आधारच नाही. बार जराही कमी-जास्त दाबला गेला तर स्वर बेसूर होणार. सिरीटानंतर चौदा वर्षांनी पुन्हा स्त्रीचाच गळा, आणि पुन्हा त्याच्यासाठी नवं तंत्र. हा योगायोग नव्हे, असं मी म्हणतो ते यामुळेच: प्रत्येक वेळी आधी गळा आला, मग हात बदलला.

आता 2001च्या अल्बमकडे. निर्माता अँडी राइट, सोबतीला मायकेल जॅक्सनच्या दौऱ्यांत गिटार वाजवणारी जेनिफर बॅटन. पहिली चीज ‘अर्थक्वेक’ तिचीच रचना आहे, नावाप्रमाणे जमीन हलवणारी. ‘रॉइज टॉय’ जुन्या मोटारी नव्याने बांधणाऱ्या मित्रासाठी आहे. बेक स्वतःही तासन्‌तास गॅरेजमध्ये मोटारीखाली पडून असायचा. या अल्बमवर जुन्या चाहत्यांचा मोठा आक्षेप असा की यातले ताल संगणकाने बांधलेले आहेत, रॉकचं मानवी रक्त त्यात नाही. मला वाटतं हा आक्षेप नेमका उलटा लागू होतो. यंत्राचा ठोका एका केसानेही सरकत नाही, म्हणून बेकच्या स्वराचं सरकणं उघडं दिसतं. ठेका कायम असला की गायकाला लयीशी लपंडाव खेळता येतो, तसा तो इथे ठोक्याच्या किंचित मागे रेंगाळतो, मग झेप घेऊन समेवर येतो. सगळा ताल हाडामांसाच्या ड्रमरवर सोपवला असता तर तो बेकबरोबर थोडा मागे-पुढे झाला असता आणि ही ओढाताण पुसट झाली असती.

दुसरा आक्षेप असा घेता येईल की मग यात इमोजेन हीप या गायिकेचा आवाज कशाला? ‘रोलिन अँड टम्बलिन’ ती पूर्ण गाते, हे खरं; ते ब्लूज 1929 साली हॅम्बोन विली न्यूबर्नने ध्वनिमुद्रित केलेलं, नंतर मडी वॉटर्सने गाजवलेलं. पण ज्या ‘डर्टी माइंड’ने या अल्बमला ग्रॅमी मिळवून दिलं, त्यात तिचा गळा शब्द सांगत नाही. तिथे श्वास आहेत, हुंकार आहेत, आणि गिटार त्यांच्यावर वाक्यं बोलते. म्हणजे जागांची अदलाबदल झाली आहे: गळा वाद्य झाला आणि वाद्य गळा. ‘ब्लॅकबर्ड’मध्ये तर बेक एका खऱ्या पक्ष्याच्या शिळेला गिटारने उत्तर देतो. चीज दीड मिनिटाचीही नसेल. ज्याच्याकडून काही शिकता येईल असा कुठलाही गळा त्याला चालत होता.

या अल्बमचा खरा गाभा मात्र ‘नादिया’ आहे. मूळ रचना नितीन साहनी यांची, 1999च्या ‘बियाँड स्किन’ अल्बममधली. तो अल्बम पुढच्या वर्षी मर्क्युरी पुरस्काराच्या अंतिम यादीत होता. ती गायली होती लंडनमध्ये राहणाऱ्या स्वाती नाटेकर यांनी. आडनावावरून मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. ब्रिटिश ड्रम अँड बेसच्या घाईच्या तालावर हिंदुस्थानी गायकीचा सावकाश, मोकळा गळा, अशी ती चीज आहे. बेकने तिचा ढाचा फारसा न बदलता नाटेकरांची जागा गिटारला दिली. हे किती अवघड आहे ते जरा जवळून पाहायला हवं. गिटारला पडदे असतात. तार बाजूला ओढली की स्वर फक्त चढतो. उतरती मींड हवी असेल तर आधी ओढून ठेवून मग छेडायची आणि सोडत यायची. हे एका स्वरापुरतं जमतं, चार स्वरांच्या मुरकीसाठी वेळच मिळत नाही. बेकने स्ट्रॅटोकास्टरचा ब्रिज मागच्या स्प्रिंगांवर तरंगता ठेवला, म्हणजे बार दाबला की स्वर उतरतो आणि उचलला की चढतो. एकदा तार छेडायची आणि तो एकच स्वर ओसरण्याआधी तळहाताने बार हलवत त्यातून अख्खी हरकत काढायची. ॲम्प्लिफायरच्या जाड आवाजाने स्वर धरून ठेवलेला असतो, म्हणूनच एवढा वेळ मिळतो. एका श्वासात गायिका जितकं घेते, तितकं एका आघातात. बारवर स्वराच्या खुणा नसतात, तो नुसता लोखंडाचा दांडा आहे. स्वर बरोबर लागला की नाही हे फक्त कानाने ठरतं. आपल्याकडे सतारीवर विलायत खाँसाहेबांनी गायकी अंग आणलं तेव्हा त्यांच्यापुढे घराण्याची तालीम होती आणि मींडेसाठी घडवलेलं वाद्य होतं. बेककडे फक्त नाटेकरांचं ध्वनिमुद्रण होतं आणि 1954 साली अमेरिकी नाचगाण्याच्या बँडांसाठी बनवलेलं यंत्र.

कोणी म्हणेल, ही तर नक्कलच झाली. गायिकेने गायलेलं जसंच्या तसं वाजवलं, यात वादकाचं काय? नक्कल करताना माणूस आपल्या हाताला सोयीचं तेवढं उचलतो. त्यामुळेच कित्येक वाद्यांवर वाजवलेली गाणी निर्जीव लागतात, चाल असते आणि गळा नसतो. बेकने गैरसोयीचं तेच उचललं. शिवाय दोन ‘नादिया’ एकामागोमाग ऐकल्या तर फरक कळतो. नाटेकरांच्या स्वरात आर्जव आहे, बेकच्या स्वरात त्याच जागेवर एक खरखर, एक धार आहे. ती हेवी रॉकची आहे आणि ती त्याने लपवलेली नाही. याहून गंभीर आक्षेप आयोमीचं उदाहरण देऊन घेता येतो. ज्याने हेवी रॉकचा पाया घातला त्याला स्वतःच्या अल्बमसाठी दहा गायक लागले, मग गिटारला गळ्याची गरज आहेच की! आयोमीचं मोठेपण निर्विवाद आहे. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात दोन बोटांची टोकं गमावून, प्लास्टिकच्या टोप्या करून वाजवणाऱ्या माणसाविषयी आदराशिवाय दुसरं काही वाटू शकत नाही. पण त्याची गिटार पाया आहे, भिंत आहे. ब्लॅक सॅबथच्या ‘आयर्न मॅन’मध्ये गायक ऑझी गिटारच्याच सुरावटीवर शब्द ठेवतो, तिथे गळा गिटारच्या मागे चालतो. बेकच्या घरात गिटार गळ्याच्या मागे चालत शिकली आणि मग एकटी चालू लागली. त्यामुळे आयोमीला गायक लागला आणि बेकला लागला नाही, यात काही विसंगती नाही.

‘यू हॅड इट कमिंग’ने बाजारात फार मजल मारली नाही, आणि सांतानाच्या आकड्यांपुढे तर तो दिसतही नाही. पण बेकने ‘नादिया’ सोडली नाही. 2007 साली लंडनच्या रॉनी स्कॉट्समध्ये त्याने जे कार्यक्रम केले, त्यांच्या ध्वनिमुद्रणात ती आहे, यंत्राऐवजी विनी कोलायुटाच्या ड्रमवर. जानेवारी 2023मध्ये बेक गेला तेव्हा जगभर त्याच्या प्रभावांची यादी छापली गेली: क्लिफ गॅलप, लेस पॉल, हँक मार्विन, सगळे गिटारवादक. त्या यादीत सिरीटा राइट असायला हवी होती, बल्गेरियातल्या त्या अनामिक बायका असायला हव्या होत्या, आणि स्वाती नाटेकर यांचं नाव तर पहिल्या ओळीत हवं होतं.